पेरूच्या जुन्या क्रूझर: शहाणपणाची खरेदी की भंगाराचा सौदा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पेरूने १९५९-६० मध्ये ब्रिटनच्या दोन आणि सत्तरच्या दशकात हॉलंडच्या दोन वापरलेल्या लाइट क्रूझर, म्हणजे तोफा वाहणाऱ्या मध्यम आकाराच्या युद्धनौका, विकत घेतल्या. क्षेपणास्त्रांचा जमाना सुरू होत असताना तोफांची जहाजं घेणं म्हणजे भंगार गळ्यात बांधून घेणं नव्हे का? आणि भंगारच होतं, तर त्यातली एक थेट २०१७ पर्यंत नौदलात राहिली कशी?

यात दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. 'का घेतल्या' हा पैशाचा आणि मानापमानाचा प्रश्न आहे, 'कशा टिकल्या' हा बॉयलरचा. पहिल्यावर इतिहासाची माणसं माझ्यापेक्षा चांगलं बोलतील. दुसऱ्यावर मला थोडाफार अधिकार आहे, कारण माझी नोकरी वाफेत गेली. लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नौदलाच्या इंजिनिअरिंग प्रशिक्षण केंद्रात आर्टिफिसर अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ कारागीर, म्हणून शिकलो आणि पुढे वीसेक वर्षं इंजिनरूममध्ये काढली. शिकाऊ असताना ज्या मोठ्या जहाजाच्या पोटात पहिल्यांदा उतरलो ती आयएनएस म्हैसूर. पेरूबद्दल मी बोलतोय ते तिच्या जोरावर.

म्हैसूर म्हणजे मूळची ब्रिटिश 'नायजेरिया'. आपण ती १९५४ मध्ये घेतली आणि डागडुजी होऊन १९५७ मध्ये ती आपल्या नौदलात आली. पेरूने घेतलेल्या 'न्यूफाउंडलंड' आणि 'सिलोन' याच घराण्यातल्या, वसाहतींची नावं दिलेल्या क्रूझरपैकी. नायजेरियाला मुळात तीन-तीन तोफांचे चार बुरूज होते, त्यातला एक पुढे काढला. सिलोन आणि न्यूफाउंडलंड बांधतानाच तीन बुरुजांच्या होत्या. म्हणजे तिघींवर सहा इंची नऊ-नऊ तोफा, पोटात चार बॉयलर, चार टर्बाइन, जहाजाचे पंखे फिरवणारे चार शाफ्ट. साठच्या दशकात ब्रिटिशांनी या घराण्यातल्या बाकीच्या सगळ्या मोडीत काढल्या. सत्तर उजाडलं तेव्हा जगात तीनच उरल्या होत्या, एक आपल्याकडे आणि दोन पेरूच्या कॅलाओ बंदरात. पेरूला मी कधी गेलो नाही, पण त्यांच्या इंजिनरूममध्ये दिवे गेले असते तरी शिडी कुठे आहे हे मला सांगता आलं असतं.

आता खरेदीकडे. पेरूकडे 'अल्मिरांते ग्राऊ' आणि 'कोरोनेल बोलोग्नेसी' नावाच्या दोन छोट्या क्रूझर होत्या, १९०६ मध्ये इंग्लंडात बांधलेल्या. तीन हजार टनांच्या या म्हाताऱ्या १९५८ पर्यंत नौदलात होत्या! दरम्यान १९५१ मध्ये अमेरिकेने आपल्या सहा जुन्या क्रूझर दक्षिण अमेरिकेत वाटल्या. अर्जेंटिना, ब्राझील आणि चिली यांना प्रत्येकी दोन, कुणी कुणाच्या वरचढ होऊ नये म्हणून. किंमत लावली ती मूळ खर्चाच्या दहा टक्के आणि वर दुरुस्तीचा खर्च. पेरूच्या वाट्याला काही आलं नाही. शेजारच्या चिलीकडे मात्र दोन क्रूझर आल्या. चिली आणि पेरू यांचं काय आहे हे माहीत नसेल तर पुढचं कळणार नाही, म्हणून एवढंच सांगतो: १८७९ च्या युद्धात पेरूचा ॲडमिरल मिगेल ग्राऊ आपल्या 'वास्कार' जहाजावर लढताना मारला गेला. ते जहाज चिलीने पकडलं आणि आजही ते चिलीच्या तालकावानो बंदरात संग्रहालय म्हणून उभं आहे. आपल्या सगळ्यात मोठ्या वीराचं जहाज शेजाऱ्याच्या अंगणात, आणि आपल्याकडे त्याच्या नावाची क्रूझरसुद्धा नाही, हे पेरूच्या नौदलाला सोसणारं नव्हतं.

त्याच सुमाराला ब्रिटन आपलं आरमार आवरतं घेत होतं. डिसेंबर १९५९ मध्ये न्यूफाउंडलंड पेरूकडे गेली आणि 'अल्मिरांते ग्राऊ' झाली. फेब्रुवारी १९६० मध्ये सिलोन 'कोरोनेल बोलोग्नेसी' झाली. नावं तीच, जहाजं तिपटीने मोठी.

मला ही खरेदी शहाणपणाची वाटते, आणि कारण तोफा नाहीत. जुनं जहाज घेताना लोक तोफा मोजतात, वेग विचारतात, फार तर कधी बांधलं ते बघतात. आमच्या धंद्यात वय वर्षांत मोजत नाहीत. बॉयलर किती तास पेटला, किती वेळा थंडावून पुन्हा पेटवला आणि त्याला पाणी कसलं पाजलं, हे बघतात. जहाजाच्या अंगात गंज असतो तो पत्रे बदलून निघतो. बॉयलरच्या नळ्यांत गंज असेल तर अख्खं जहाज उघडावं लागतं.

हे कसं तपासतात ते एकदा बघण्यासारखं आहे. बॉयलर थंड झाला की वरच्या ड्रमचं झाकण काढून माणूस आत सरपटत जातो. जायच्या आधी खिसे रिकामे करायचे, घड्याळ काढायचं, हत्यारं बाहेरच्या माणसासमोर मोजून आत न्यायची. पेन्सिलसुद्धा दोऱ्याने मनगटाला बांधलेली. आत एखादा नट विसरला आणि तो नळीच्या तोंडात बसला तर ती नळी पाण्यावाचून तापते आणि फुटते. काम संपलं की नळ्या मोकळ्या आहेत ना हे बघायला प्रत्येक नळीतून पोलादी गोळी सोडायची आणि खालच्या ड्रममध्ये बसलेल्या माणसाने ती झेलून ओरडायचं. वरून सोडलेल्या गोळ्या आणि खाली पोचलेल्या गोळ्या यांचा आकडा जुळेपर्यंत कुणी जेवायला जात नाही. पहिल्यांदा हे काम मिळालं तेव्हा आमच्या चीफने माझा खिसा स्वतः चाचपून पाहिला होता आणि त्यातून निघालेलं एसटीचं तिकीट माझ्या डोळ्यांसमोर नाचवलं होतं.

तर १९५९ मध्ये त्या दोन ब्रिटिश क्रूझर सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. वाफेच्या जहाजाला हे काही म्हातारपण नव्हे. न्यूफाउंडलंडने मार बराच खाल्ला होता. १९४३ च्या जुलैमध्ये सिसिलीजवळ तिला टॉर्पेडो बसला आणि ती अमेरिकेत बोस्टनला दुरुस्त झाली. नंतर जपानच्या शरणागतीच्या वेळी ती टोकियोच्या उपसागरात होती, आणि १९५६ च्या सुएझ प्रकरणात तिने इजिप्तची 'दोमिएत' ही फ्रिगेट, म्हणजे क्रूझरपेक्षा लहान युद्धनौका, बुडवली. टॉर्पेडो बसलेलं जहाज घ्यावं का, असं कुणीही विचारेल. मी म्हणेन, नीट गोदीत दुरुस्त झालेला घाव मला चालतो, कारण त्या भागाचा एकेक पत्रा कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेला असतो. भीती न उघडलेल्या भागाची. शिवाय पन्नासच्या दशकात दोन्ही जहाजांची मोठी डागडुजी झाली होती. खर्च ब्रिटनने केला, फायदा पेरूला झाला.

पण जहाजाची किंमत हा खर्चाचा लहान भाग. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण क्रूझरसाठीच केली असावी असं मला कित्येकदा वाटलंय. अशा जहाजावर आठ-नऊशे माणसं लागतात. त्यांचा पगार, जेवण, गणवेश आणि त्यांच्या जागी पुढे येणारी शिकाऊ पोरं. इंधन म्हणजे काळं जाड फर्नेस ऑइल, गरम केल्याशिवाय पंपातून पुढे न सरकणारं. आणि सुट्या भागांचं वेगळंच. ब्रिटिशांनी बाकीच्या बहिणी मोडल्या तेव्हा सुटे भाग काही वर्षं मुबलक होते. त्यानंतर ते कारखानेच दुसऱ्या कामाला लागले. मग एखादा व्हॉल्व्ह लागला तर नमुना बघून आपल्याच गोदीत ओतायचा. आम्ही मुंबईत हेच करत होतो. ज्या देशाकडे स्वतःची ओतशाळा आणि चांगले फिटर नाहीत त्याने जुनी क्रूझर फुकट मिळाली तरी घेऊ नये, असं माझं मत आहे. पेरूकडे कॅलाओत 'सिमा' हा नौदलाचा स्वतःचा कारखाना होता. पुढे याच कारखान्याने इटालियन नकाशांवरून लुपो जातीच्या दोन फ्रिगेट बांधल्या. पेरूच्या क्रूझर टिकण्याचं अर्धं श्रेय मी या कारखान्याला देतो.

इथवरचा हिशेब असा: पहिल्या दोन क्रूझर तरुण होत्या, दुरुस्त झालेल्या होत्या आणि त्यांना सांभाळणारी गोदी घरात होती. सौदा बरा. डच क्रूझरची गोष्ट निराळी, आणि तिथे माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं.

१९७१ मध्ये चिलीने स्वीडनची 'येता लेयॉन' घेतली आणि तिचं नाव 'अल्मिरांते लातोरे' ठेवलं. दोन वर्षांत, १९७३ मध्ये, पेरूने हॉलंडची 'डी रॉयटर' घेतली. गंमत बघा, दोन्ही जहाजांवर तोफा एकाच कंपनीच्या, बोफोर्सच्या १५२ मिलिमीटरच्या. बोफोर्स म्हटलं की आपल्याला दुसरंच काहीतरी आठवतं, पण ही त्यांची जुनी आणि उत्तम तोफ. हाताने न भरता आपोआप चालणारी, नळीमागे मिनिटाला पंधरा गोळे. दोन वैरी शेजारी, आणि दोघांच्या दारूगोळ्याची मापं सारखी.

डी रॉयटरचा जन्म मोठा विचित्र. १९३९ च्या सप्टेंबरमध्ये, महायुद्ध सुरू झाल्याच्या आठवड्यात, स्कीडामच्या गोदीत तिच्या कामाला सुरुवात झाली. मग जर्मन आले. १९४४ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी अर्धवट सांगाडा पाण्यात सोडला, नदीचं तोंड बुजवायला बुडवावा म्हणून. तो बुडवला गेला नाही, आणि १९५३ मध्ये त्याचीच क्रूझर होऊन ती डच नौदलात आली. पेरूने घेतली तेव्हा तिची सेवा वीस वर्षांची, पण सांगाडा चौतिशीकडे आलेला. नाव अर्थातच 'अल्मिरांते ग्राऊ'. त्यासाठी जुन्या ग्राऊचं म्हणजे न्यूफाउंडलंडचं नाव बदलून 'कापितान किन्योनेस' केलं, आणि हा किन्योनेस होता हवाई दलाचा वीर. वैमानिकाच्या नावाची क्रूझर मी दुसरीकडे ऐकलेली नाही.

त्याच वर्षाच्या आसपास पेरूची अँचोवेटाची मासेमारी कोसळली. साठच्या दशकात या इवल्याशा माशाच्या भुकटीवर पेरू जगातला पहिल्या क्रमांकाचा मासेमारी देश झाला होता. अतोनात उपसा आणि १९७२ चा एल निन्यो, म्हणजे तिथला समुद्र तापणं, दोन्ही एकदम आले आणि मासा गेला. अशा वेळी साडेनऊशे माणसांचं जहाज घेणं मला तरी पटत नाही. लुपो फ्रिगेटला दोनशेच्या आत माणसं लागतात आणि तिच्यावर क्षेपणास्त्रं असतात. ग्राऊची खरेदी निम्मी तरी चिलीकडे बघून झाली, हे माझं मत. कुणी पुराव्यानिशी उलट सांगितलं तर ऐकून घेईन.

दुसरी डच क्रूझर, १९७६ मध्ये घेतलेली 'डी झेवेन प्रॉव्हिन्सियन', मला जास्त हुशारीची वाटते. डचांनी तिच्या मागच्या तोफा काढून तिथे अमेरिकन टेरियर विमानविरोधी क्षेपणास्त्रं बसवली होती. अमेरिकेने ती पेरूला देऊ दिली नाहीत. मागचा भाग रिकामा झाला, तर तिथे हेलिकॉप्टरचा हँगर आणि डेक बांधून घेतला. 'आगिर्रे' या नावाने ती एक्झोसेट क्षेपणास्त्र वाहणारी सी किंग हेलिकॉप्टरं घेऊन फिरू लागली. म्हणजे आकार मोठा आहे, माणसं पुष्कळ लागतात, मग त्या आकाराचं काहीतरी करून दाखवायचं. फ्रिगेटच्या डेकवर इतकी जड हेलिकॉप्टरं खेळवता आली नसती.

आता टिकण्याचा प्रश्न. ग्राऊ चव्वेचाळीस वर्षं पेरूकडे राहिली. कारणं अनेक आहेत आणि कुठलं किती टक्के हे सांगणं परिस्थितीवर अवलंबून आहे, पण इंजिनवाल्याला दिसतात ती सांगतो. या डच जहाजांना दोनच शाफ्ट, ब्रिटिश जहाजांना चार. तितके बेअरिंग कमी, तितके गिअर कमी. पेरूच्या माणसांचा हात आधीच्या ब्रिटिश जहाजांवर बसलेला होता, आणि तीन ड्रमच्या बॉयलरची जातकुळी दोन्हीकडे एकच. बंदरात जास्त राहणाऱ्या जहाजाच्या बॉयलरचे तास हळू भरतात. आणि एक कारण पुस्तकांत सापडणार नाही: कॅलाओचं पाणी.

पेरूच्या किनाऱ्यावरून हंबोल्टचा थंड प्रवाह वाहतो. विषुववृत्ताच्या एवढ्या जवळ असूनही तिथला समुद्र पंधरा ते वीस अंशांच्या आसपास असतो. मुंबईत तोच अठ्ठावीस-तीस. टर्बाइनमधून निघालेली वाफ कंडेन्सरमध्ये समुद्राच्या पाण्यानेच थंड करतात. पाणी जितकं गार तितकं कंडेन्सरमधलं व्हॅक्यूम, म्हणजे निर्वात पोकळी, चांगलं आणि तितक्याच वेगाला इंधन कमी. आम्ही मे महिन्यात अरबी समुद्रात जे व्हॅक्यूम मिळवायला धडपडायचो ते त्यांना बसल्या जागी मिळत असणार. ज्या थंड पाण्याने पेरूला मासा दिला त्यानेच क्रूझरही पोसल्या, आणि एल निन्यो आला की दोघांचेही हाल!

कंडेन्सरची एखादी नळी गळू लागली की खारं पाणी बॉयलरच्या पाण्यात मिसळतं. नमुन्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला की तो दुधाळ होतो, आणि इंजिनरूममधल्या सगळ्यांचे चेहरे पडतात. मग तो कंडेन्सर बाजूला काढायचा, खाऱ्या पाण्याची बाजू रिकामी करून झाकणं उघडायची, वाफेच्या बाजूला व्हॅक्यूम धरायचं आणि मेणबत्ती पेटवून हजारो नळ्यांच्या तोंडांसमोरून फिरवायची. जिथे ज्योत आत ओढली जाते ती नळी फुटकी. दोन्ही टोकांना पितळी बूच ठोकायचं आणि पुढे चालायचं. एका जुन्या जहाजावर मी पन्नास अंशांच्या उकाड्यात पहाटेपर्यंत ही मेणबत्ती धरून बसलोय. जहाज टिकतं म्हणजे हे काम कुणीतरी करत असतं. बूच मारलेल्या नळ्या वाढत गेल्या की वेग कमी होतो, आणि जुन्या क्रूझरचा कागदावरचा बत्तीस नॉटचा वेग कागदावरच राहतो.

१९८५ ते ८८ मध्ये ग्राऊ अॅमस्टरडॅमला नेऊन तिची रडार आणि तोफांची नियंत्रण यंत्रणा नवी केली. पैसे कमी पडल्यामुळे उरलेलं काम पुढे कॅलाओत झालं. ती नव्हती तेव्हा ग्राऊ हे नाव रिकामं ठेवायचं नाही म्हणून तेवढ्या काळापुरतं ते आगिर्रेला दिलं होतं! नंतर तिच्यावर ओटोमॅट क्षेपणास्त्रंही बसली. डोळे नवे, दात नवे, हृदय मात्र १९५३ चं.

म्हणून 'टिकली' आणि 'लढली असती' या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. अर्जेंटिनाची 'हेनेराल बेल्ग्रानो' आठवा, १९५१ च्या त्या सहांपैकी. पर्ल हार्बरच्या हल्ल्यात ओरखडाही न उमटलेलं हे जहाज २ मे १९८२ रोजी ब्रिटिश पाणबुडीच्या दोन टॉर्पेडोंनी बुडवलं. ३२३ माणसं गेली. एक टॉर्पेडो मागच्या यंत्रांच्या भागात फुटला. वीज गेली, पाणी उपसायचे पंप बंद पडले, धूर जहाजभर पसरला. तिच्या तोफा ठणठणीत होत्या. जुन्या जहाजात मी आधी विजेच्या तारा, पंप आणि पाणी अडवणारे दरवाजे बघेन ते यासाठीच.

तेव्हा तुमच्या 'भंगार' शब्दावर माझं उत्तर: ब्रिटिश जोडी नाही, आगिर्रे नाही, ग्राऊसुद्धा घेताना भंगार नव्हती, फक्त वेळ चुकीची होती; पण १९८५ नंतर तिच्यावर ओतलेला पैसा बराचसा नावासाठी. २६ सप्टेंबर २०१७ ला ती निवृत्त झाली तेव्हा तोफा हेच मुख्य शस्त्र असलेली जगातली ती शेवटची क्रूझर होती. संग्रहालय करायचा विचार होता, तो जमला नाही आणि ती मोडीत गेली. बोलोग्नेसीला १९८५ मध्ये तैवानला ओढत नेलं. त्याच वर्षी २० ऑगस्टला आपली म्हैसूरही निवृत्त झाली.

या घराण्यातलं आता कुठलंच जहाज बघायला मिळणार नाही. पण कधी लंडनला गेलात तर थेम्समध्ये 'बेल्फास्ट' उभी आहे, थोडी थोरली चुलत बहीण म्हणा. वरच्या तोफांपाशी गर्दी असते, तिथे वेळ घालवू नका. बॉयलर रूममध्ये उतरा. आत जायला एकामागे एक दोन दारं आहेत, कारण पंख्यांनी खोलीतच हवा दाबून भरलेली असायची आणि दोन्ही दारं एकदम उघडली तर भट्टीतली ज्वाळा बाहेर माणसांवर यायची. त्या दोन दारांमधल्या चिंचोळ्या जागेत जरा थांबा. आम्ही तिथेच घाम पुसायचो.